हाताला लागलेलं वळण मोडायचं कसं?

गोपद्म
नमस्कार मंडळी, खूप वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची. ११ वर्षं झाली मोठ्या रांगोळ्यांच्या ऑर्डरी घेतेय. लग्नाचे हॉल, पाडवा पहाट, शाळांचे कार्यक्रम, मंदिरं. संस्कारभारती पद्धतीची, म्हणजे खाली चाळणीने रंगाचा थर आणि वर मुठीतून सोडलेल्या पांढऱ्या रेघा. काम भरपूर मिळतं, लोक खुश असतात, त्याबद्दल काही तक्रार नाही.

झालं असं की गेल्या महिन्यात एका घरी धाकट्या मुलीच्या लग्नात रांगोळी काढली, तीन वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नातही मीच काढली होती. त्यांच्या काकूंनी कौतुकाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडून मला पाठवले आणि मी बघतच राहिले. रंग सोडले तर सगळं तेच. मधलं कमळ तेच, भोवती आठ गोपद्मं तशीच, बाहेरची सर्परेषा सुद्धा त्याच बाजूने वळलेली. आणि मला पक्कं आठवतंय की त्या दिवशी मी घरून ठरवून निघाले होते की आज काहीतरी वेगळं काढायचं, काढतानाही वेगळंच काढतेय असंच वाटत होतं, नंतर घरी येऊन नवऱ्याला सांगितलं पण होतं की आजची मस्त नवीन झाली!

मग जुने फोटो काढून बसले. चाळीसेक असतील. खरं सांगायचं तर त्यात तीन-चारच रांगोळ्या आहेत, बाकी सगळ्या त्याच, कपडे बदललेल्या.

तर प्रश्न असा आहे की हाताला, खरं म्हणजे डोक्यालाच, लागलेलं हे वळण मोडायचं कसं? "मोकळेपणाने विचार कर" असं कृपया सांगू नका, ते मी स्वतःला रोज सांगते. कुणी स्वतः काही करून बघितलंय का, कुठल्याही क्षेत्रात चालेल, स्वयंपाक, कविता, कोडिंग, काहीही.

सदाफुली
ताई पिंटरेस्ट बघत जा ना, इतकं भारी भारी असतं तिथे.

गोपद्म
@सदाफुली बघते ग. त्याने उलटंच होतं. दोन तास मोर बघितले की दुसऱ्या दिवशी माझ्या कमळाशेजारी मोर येऊन बसतो, पण कमळ हलत नाही.

तळटीप
गोपद्मताई, "करताना वेगळंच करतेय असं वाटत होतं" हे तुमचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, त्याकडे परत येतो. मी बरीच वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. आधी सगळ्यांनी एक कोडं सोडवा, कागद घेऊन, पटापट.

कळशीत २१ मापं पाणी मावतं, हंड्यात १२७ आणि पेल्यात ३. बरोबर १०० मापं मोजून द्या.
मग कळशी १४, हंडा १६३, पेला २५. हवेत ९९.
मग कळशी १८, हंडा ४३, पेला १०. हवेत ५.
मग कळशी ९, हंडा ४२, पेला ६. हवेत २१.
मग कळशी २०, हंडा ५९, पेला ४. हवेत ३१.
आणि शेवटचं, कळशी २३, हंडा ४९, पेला ३. हवेत २०.

शेवटच्याचं उत्तर कसं काढलंत तेवढं इथे लिहा.

कोरीपाटी
पहिल्याला दोन मिनिटं लागली, मग सगळ्यांची एकच रीत आहे. हंडा भरायचा, त्यातून एकदा कळशी भरून काढायची आणि दोनदा पेला. शेवटचं पण तसंच, ४९ वजा २३ वजा ३ वजा ३, झाले २०.

तळटीप
@कोरीपाटी उत्तर बरोबर. आता परत आकडे बघा. कळशी २३ ची आहे, पेला ३ चा.

कोरीपाटी
अरे हो!! कळशी भरायची आणि एक पेला काढायचा, झालं! हंड्याला हात लावायची गरजच नव्हती. पण खरं सांगतो सर, मी त्या आकड्यांकडे बघितलंच नाही, हंड्यापासून सुरुवात करूनच टाकली होती.

तळटीप
हेच. अब्राहम लचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांनी आधीची गणितं हंड्याच्या रीतीने सोडवली होती त्यातले बहुतेक जण शेवटच्याला पण तोच लांबचा रस्ता धरत, आणि ज्यांना आधीची गणितं दिलीच नव्हती त्यांना सोपा रस्ता चटकन दिसे. हुशारीत फरक नव्हता, आधी काय केलं होतं त्यात फरक होता. पुढे तर तो आणखी एक गणित देई, २८, ७६ आणि ३, हवेत २५. इथे हंड्याची रीत चालतच नाही (करून बघा, ४२ येतात) आणि कळशी वजा पेला इतकं सोपं उत्तर समोर असतं, तरी कित्येक जण अडकून बसत.

आता ताईंच्या वाक्याकडे येतो. आपण समजतो की सवय म्हणजे आळस, विचार न करणं. तसं नसतं. कोरीपाटीने शेवटच्या गणितात विचार केलाच ना, वजाबाक्या केल्या, ताळा केला. फक्त विचार सुरू व्हायच्या आधी हंडा उचलला गेला होता. म्हणून "मी विचार करतेय, नवीन करतेय" असं वाटणं खोटं नसतं, पण ते हंड्याच्या आतलं नवीन असतं.

जर्मनीकर_किडा
तळटीप सर, यालाच जोडून बुद्धिबळाचा एक प्रयोग आहे, तो वाचल्यापासून माझी काम करायची पद्धतच बदलली म्हणून सविस्तर लिहितो. बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या तिघांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. चांगल्या तयारीच्या खेळाडूंना पटावरची एक स्थिती दिली, त्यात पाच चालींत मात करायचा एक अगदी ओळखीचा डाव होता, घोड्याने कोंडून मात करायचा, तो सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच पटावर तीन चालींत मात करायचा दुसरा, कमी ओळखीचा डावही होता. खेळाडूंना ओळखीचा लगेच सापडला, मग सांगितलं की याहून छोटा शोधा. शोधतोय शोधतोय म्हणाले, नाही सापडला. गंमत म्हणजे त्यांचे डोळे कुठे फिरतात ते कॅमेऱ्याने टिपलं जात होतं, आणि तोंडाने दुसरा डाव शोधतोय म्हणत असताना नजर मात्र परत परत त्या पहिल्या डावाच्याच घरांवर जात होती. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की आपण सगळा पट बघतोय. आणि ओळखीचा डाव पटावरून काढून टाकला की त्याच तोडीच्या खेळाडूंना छोटा डाव दिसला.

माझा स्वतःचा अनुभव असा की मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एकदा एका बगवर दोन दिवस घालवले, फाइल एकच, कारण मागच्या तिन्ही वेळी बग तिथेच निघाला होता. तिसऱ्या दिवशी सहकारी सुट्टीवरून आली, तिला काहीच माहीत नव्हतं, तिने वीस मिनिटांत दुसरीकडेच शोधला. तेव्हापासून अडकलो की मी ती फाइल स्वतःला बंद करतो, म्हणजे खरंच, उघडायचीच नाही असा नियम, दुपारपर्यंत. डोळ्यांना "तिकडे बघू नका" असं सांगून भागत नाही, समोरून वस्तूच उचलावी लागते.

सरळमार्गी
चर्चा छान चाललीय पण एक शंका. आमच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी सर्जनशीलतेची कार्यशाळा झाली, दोन दिवस, रिसॉर्टवर. नऊ ठिपके जोडायचं कोडं, एडवर्ड डी बोनोच्या सहा रंगांच्या टोप्या (एकेक रंग म्हणजे विचार करायची एकेक तऱ्हा), सगळं. सोमवारी टेबलाशी आलो आणि तेच काम त्याच पद्धतीने सुरू. मला वाटतं अडचण अशी होती की तिथे आमचं काम कुठेच नव्हतं, कोडी होती. कोड्यात चौकटीबाहेर जायला काय लागतं, पणाला काही लागलेलंच नसतं.

एक गोष्ट मात्र टिकली, ती पण सांगतो. टोप्यांमधली एक शिस्त अशी की दोष काढायचे तर सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या वेळी, त्याआधी प्रत्येकाने त्या कल्पनेतलं चांगलं काय ते सांगायचंच. आमच्या विभागात ते अजून चालू आहे आणि त्याने खरंच फरक पडला, कारण पूर्वी नवीन काही कुणी बोललं की दहा सेकंदात "हे आपल्याकडे चालणार नाही" यायचं.

तिरकिट
मी थोडं उलट बोलणार आहे, राग नसावा. तबला शिकतो, सोळावं वर्ष. आमच्याकडे हात एका वळणाचा व्हावा म्हणूनच दहा वर्षं घालवतात. कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली मूळ रचना, बसला नाही तर पलटे, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, कुठून सुचणार? वळण मोडा वळण मोडा म्हणताना लोक विसरतात की मोडायला आधी ते असावं लागतं. गोपद्मताईंच्या हातात ११ वर्षांची रेघ आहे म्हणून तर त्यांना हा प्रश्न पडतोय.

आणि कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गात, कुमार गंधर्व ही पदवीच त्या वयातली. मग मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण. म्हणजे दुसऱ्यांची वळणं गळ्यात पूर्ण उतरलेली. पुढे क्षयाने गाठलं, देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणं बंद, एक फुफ्फुस निकामी. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायका-माणसांची गाणी कानावर पडत राहिली. त्यातून धुनउगम राग आले, लगनगंधार, मालवती, संजारी. आणि गाण्याची ती तऱ्हा, छोटे छोटे तुकडे, मध्येच शांतता, मग एकदम झडप. लांब दमसासाचं गाणं शरीराने काढून घेतलं होतं. पण ज्याच्या गळ्यात आधीचं काही नव्हतंच त्याच्याकडून ते काढून घेऊन काय उरलं असतं?

जर्मनीकर_किडा
@तिरकिट पण मग आपण एकच बोलतोय ना? समोरून वस्तू उचलली गेली. फक्त त्यांच्या बाबतीत आजाराने उचलली.

तिरकिट
हो, पण "एवढं सोपं तंत्र आहे, करा आणि व्हा सर्जनशील" असं कुणी म्हणू नये एवढंच म्हणायचं होतं. त्या माणसाने तेव्हा गाणं पुन्हा होईल की नाही हे माहीत नसताना ती वर्षं काढली.

डबेवाली_ठाणे
गोपद्म, तू स्वयंपाक म्हणालीस म्हणून लिहिते. मी ठाण्यात ३५ डबे देते रोज. गेल्या पावसाळ्यात एकीने सांगितलं, ताई भाज्या वेगवेगळ्या असतात पण चव एकच असते हो. लागलं मनाला. मग विचार करत बसले की असं का, तर लक्षात आलं की सकाळी सहाला कढई तापत ठेवली की भाजी कुठली हे नीट बघायच्या आधी मोहरी पडलेली असते. मोहरी, हिंग, हळद, कांदा. मग त्यात दुधी पडो नाहीतर फरसबी.

म्हणून ठरवलं, एक आठवडा फोडणी बंद. पूर्ण बंद, वरून सुद्धा नाही. पहिल्या दिवशी हात हवेतच राहिला खरंच, डब्याकडे गेला आणि परत आला. सोमवारची भाजी अगदी मिळमिळीत झाली, दोन फोन आले. मंगळवारी पण फार काही नाही. पण बुधवारी लाल भोपळा हातात घेऊन पहिल्यांदा नुसतीच उभी राहिले की बाई तुझं काय करू. भाजला. नुसता तव्यावर, सालीसकट, मिरच्या पण त्याच्याबरोबर भाजल्या, मग कुस्करून ओलं खोबरं, मीठ, लिंबू, वरून कच्चं तेल. आता दर पंधरा दिवसांनी लोक मागून घेतात. आठवडाभरात सात पैकी दोन पदार्थ धड झाले, बाकीचे नाही झाले. पण ते दोन मला फोडणी असताना दहा वर्षांत सुचले नव्हते.

सदाफुली
भोपळ्याचं लिहून घेतलं ताई! लिंबाऐवजी चिंचेचा कोळ चालेल का?

डबेवाली_ठाणे
चालेल, पण थोडाच, आणि मग चिमूटभर गूळ.

तळटीप
"भाजी बघायच्या आधी मोहरी पडलेली असते". मी वर्गात इतकी वर्षं जे सांगत होतो ते यापेक्षा नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

गोपद्मताई, तुमच्याकडे मोहरी कुठे पडते ते शोधू या. एक काम करा. पुढच्या ऑर्डरला जागेवर पोचल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांत तुम्ही काय काय करता ते सगळं लिहा. डिझाइन सुरू व्हायच्या आधीचं. क्षुल्लक वाटलं तरी लिहा.

पालघरची_बाई
मी डहाणू तालुक्यात शाळेत शिकवते, वारली चित्रांचा मुलुख. जिव्या सोमा म्हशे इथलेच, गंजाडचे. त्यांच्याबद्दल लोकांना एवढंच माहीत असतं की वारली चित्रकला जगभर नेली, पद्मश्री २०११ मध्ये मिळाली. पण या धाग्याच्या दृष्टीने मला वाटतं की त्यांनी काय बदललं नाही ते बघण्यासारखं आहे. रंग तोच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. आकार तेच, गोल, त्रिकोण, चौकोन. बदललं काय, तर कुणी काढायचं, कधी काढायचं आणि कशाचं. पूर्वी हे लग्नात सवाशिणींनी भिंतीवर काढायचं, चौक काढायचा, देवीचा. पुरुषाने, लग्न नसताना, रोज, कागदावर, मनाला येईल ते काढणं हीच नवी गोष्ट होती. मग त्यात मासे पकडायचं जाळं आलं, मुंग्या आल्या, शेत आलं. म्हणजे रेघ मोडली नाही, रेघेभोवतीचं ठरलेलं होतं ते मोडलं.

आणि दुसरी बाजूही सांगते, मला ती रोज दिसते. आता मुलांना वारली काढा म्हटलं की तारप्याभोवतीचा गोल नाच काढून मोकळी होतात, कारण कपांवर, कुर्त्यांवर, स्टेशनच्या भिंतींवर तेच आहे. ज्या घरात भाताची खरी कणगी आहे त्या घरातलं पोर कणगी काढत नाही. गेल्या वर्षी मी सांगितलं, तारपा नाही आणि माणूस पण नाही, आज सकाळी घरातून निघताना जमिनीवर काय होतं तेवढंच काढा. एका मुलीने कोंबडीच्या पावलांनी अख्खा कागद भरला, चिखलातून कोंबडी कुठून कुठे गेली ते सगळं कळत होतं. तो कागद मी जपून ठेवलाय.

आजी_कोल्हापूर
बाळा गोपद्म, माझं एक ऐक. रांगोळी ही नुसती नक्षी नव्हे. लग्नात लोकांना कमळ, गोपद्म, स्वस्तिक, शंख हवंच असतं, ते शुभ म्हणून असतं. तू उगाच नवीन करायचं म्हणून ते काढून टाकशील तर त्या घरच्या आजीला बरं वाटणार नाही. मी सत्तर वर्षं दारात रांगोळी काढतेय, श्रावण शनिवारची ठरलेली, चैत्रांगण ठरलेलं. ठरलेलं असण्यात पण आनंद असतो, रोज तेच काढताना मन शांत होतं.

गोपद्म
@आजी_कोल्हापूर आजी, तुमचं अगदी पटतंय. दारातली रांगोळी मी पण रोज तीच काढते आणि ती मला बदलायची नाहीये. कमळ काढणं ही माझी अडचण नाही, मी ते न बघता काढते ही आहे.

@तळटीप सर, काल एक ऑर्डर होती, सगळं लिहिलं. गेल्या गेल्या जागेचा मध्य शोधला. तिथे खडूने खूण केली. पिशवीतून दोरी काढली, भाची शेजारी होती तिला मध्यावर धरायला लावली आणि वर्तुळ मारलं. त्याच्या आत दुसरं. मग चाळणीने आतल्या वर्तुळात पिवळा. मग घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं झाली होती आणि मग मी हात झटकून उभी राहिले आणि स्वतःशी म्हणाले, "चला, आता काय काढायचं ते ठरवू." हे वाक्य मी खरंच म्हणाले, भाचीने ऐकलंय. ठरवायला उरलंय काय तिथे? गोल झालाय, मध्य झालाय, मध्यात पिवळा झालाय, आता तिथे कमळ नाही येणार तर काय येणार.

११ वर्षं मी मुठीचा, रेघेचा, रंगांचा विचार करत राहिले आणि दोरीकडे कधी बघितलंच नाही. ती माझ्या लेखी विचारात धरायची गोष्टच नव्हती, ती तयारी होती.

कोरीपाटी
दोरी हा तुमचा हंडा!

जर्मनीकर_किडा
ताई मग दोरी घरी ठेवा. लपवून नाही, घरीच.

तळटीप
आणि चाळणीचाही विचार करा. कार्ल डुंकर या मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग आठवला. माणसाला मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोक्यात भरलेल्या टाचण्या देतात, म्हणतात मेणबत्ती भिंतीवर लाव, मेण खाली सांडता कामा नये. उत्तर असं की खोकं रिकामं करून भिंतीला टाचायचं आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. पण खोक्यात टाचण्या भरलेल्या असल्या की ते "टाचण्या ठेवायचं" होऊन बसतं, दुसऱ्या कामाला सुचत नाही. तेच खोकं रिकामं करून शेजारी ठेवलं तर बऱ्याच जणांना सुचतं. तुमची चाळणी गेली ११ वर्षं "थर द्यायची" आहे.

सरळमार्गी
एक व्यवहाराचं. हे सगळं लग्नाच्या मोठ्या ऑर्डरवर पहिल्यांदा करू नका, एखादं छोटं घरगुती कार्य बघा. डबेवाली ताईंना दोन फोन आले तसे तुम्हालाही येतील, ते सोसतील अशाच ठिकाणी करा.

तिरकिट
+१. आणि सात पैकी दोन हे प्रमाण लक्षात असू द्या.

गोपद्म
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, लग्नसराई होती. लग्नांत नेहमीचंच काढलं, ते आधीच सांगते.

पण मधल्या काळात ओळखीतल्या एका घरी बारसं होतं. त्यांना विचारून घेतलं की जरा वेगळं करून बघू का, ते हो म्हणाले. दोरी नेली नाही, खडू पण नाही. पोचले आणि दहा मिनिटं काही सुचेना, अक्षरशः घशाला कोरड. हात सारखा मध्य शोधत होता. भाची म्हणाली आत्या पायाने मोजू का, तिला नको म्हणाले. मग भिंतीच्या कडेपासून सुरुवात केली, कारण दुसरी कडच नव्हती जिला धरावं. शहाबादी फरशी होती, जुनी, काळसर. अंगणात शेवगा होता, त्याच्या डहाळ्या आणून फरशीवर मांडल्या आणि वरून चाळणीने गुलाबी. डहाळ्या उचलल्या तर खाली फरशीचीच काळी पानं उमटली, अशी बारीक की मुठीतून मला जन्मात काढता आली नसती. ११ वर्षांत फरशी हा पण एक रंग आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मी ती नेहमी झाकायचीच. मग कडेकडेने तेच करत दारापर्यंत गेले आणि मधली जागा मोकळीच राहिली.

सगळं नीट झालं असं नाही. दोन बाजू एकमेकींशी जुळल्या नाहीत, एका कोपऱ्यात वाऱ्याने डहाळी हलली आणि डाग पडला, तो झाकायला तासभर गेला. आणि बाळाची पणजी येऊन बघून म्हणाली, "मधे काहीच नाही होय ग?" आजी, तुमची आठवण झाली. मग त्यांच्या देखतच दारातून पाळण्यापर्यंत गोपद्मं काढली, लहान लहान, एकामागे एक, चालत गेल्यासारखी. पालघरच्या बाईंची ती कोंबडी डोक्यात होती बहुतेक. इतकी वर्षं मी गोपद्मं कमळाभोवती गोल बसवत आलेय, पण गाईची पावलं म्हणजे गाय कुठून तरी कुठे तरी जाणार ना. पणजी त्या पावलांच्या कडेकडेने चालत पाळण्यापर्यंत गेल्या.

आजी_कोल्हापूर
फार छान केलंस बाळा. फोटो टाक.

पालघरची_बाई
हे मी उद्या वर्गात सांगणार आहे, त्या मुलीला तर नक्की.

गोपद्म
फोटो टाकते आजी, भाचीकडे आहेत. पण एक अडचण आत्ताच दिसायला लागलीय. काल दुसऱ्या एका ठिकाणी जागा बघायला गेले, सत्यनारायण आहे शनिवारी, आणि दारातून आत शिरायच्या आधी माझी नजर अंगणात शेवगा शोधत होती. म्हणजे एकाच रांगोळीत नवीन हंडा तयार! तेव्हा शनिवारी दोरी पण नाही आणि पानं पण नाहीत असं ठरवलंय.

@डबेवाली_ठाणे ताई, फोडणीनंतर तुम्ही काय बंद केलंत?

डबेवाली_ठाणे
कांदा. आणि ते फोडणीपेक्षा खूप अवघड गेलं, मनाची तयारी ठेव.